हिवाळ्यातली दोन दिवसांची कौटुंबिक सहल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी उरकली आणि पहाटे पांघरूण अंगावर ओढावेसे वाटू लागले की दरवर्षी मला एकाच धर्तीची पत्रे येऊ लागतात. त्यांतील बहुतेक पत्रे ‘कुठे जावे’ या प्रश्नाने सुरू होतात आणि दोन ओळींनंतर ‘पण वेळ कसा काढावा’ इथे येऊन अडतात. त्यामुळे या पानावर वेळेचा विचार आधी केला आहे आणि ठिकाणांचा नंतर. दिलेल्या तारखा २०२६-२७ च्या हिवाळ्याच्या आहेत. एखाद्या प्रश्नाचा भाग दुसरीकडे आला असेल तर त्याचा क्रमांक दिला आहे.

१. हिवाळी सहलीसाठी नेमका कोणता काळ धरावा?

महाराष्ट्रात नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत हवा प्रवासाला सुखाची असते. यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. फराळाचे डबे, भाऊबीज आणि पाहुणे आटोपेपर्यंत आणखी दहा-बारा दिवस जातात, म्हणून २१ नोव्हेंबर ते १३ फेब्रुवारी असा काळ धरला तर तेरा शनिवार हाती येतात. हा आकडा ऐकायला भरपूर वाटतो, पण तुळशीचे लग्न लागले की लगीनसराई सुरू होते, डिसेंबरात शाळांची स्नेहसंमेलने येतात, संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाची आमंत्रणे असतात आणि फेब्रुवारी लागला की घराघरात परीक्षेचे वारे वाहू लागते. एवढे सगळे वजा केल्यावर बहुतेक कुटुंबांकडे खऱ्या अर्थाने मोकळे असे चार किंवा पाचच शनिवार उरतात. ते कोणते, हे नोव्हेंबरातच शोधून ठेवावे लागते.

२. आम्हाला वेळच मिळत नाही. सुरुवात कुठून करावी?

स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेपासून करावी. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, कामाला येणाऱ्या मावशींच्या सुट्ट्या, मावसभावाच्या लग्नाचा मुहूर्त, विम्याचा हप्ता अशा सगळ्या गोष्टी तिच्या चौकोनांत लिहिलेल्या असतात. सहल मात्र तिथे कधीच नसते. ती कुणाच्या तरी मनात असते आणि मनातल्या गोष्टीला चौकोनातली गोष्ट सहज बाजूला सारते. म्हणून रविवारी जेवण झाल्यावर सगळ्यांना एकत्र बसवून आधी अडलेले शनिवार-रविवार खोडून टाकावेत आणि उरलेल्यांपैकी दोन जोड्यांभोवती पेनाने रेघ मारावी. त्यांतली एक जोडी सहलीची असेल आणि दुसरी राखीव राहील.

ठिकाण या बैठकीत ठरवू नये, असे मी मुद्दाम सुचवतो. एकाला समुद्र हवा असतो, दुसऱ्याला डोंगर आणि तिसऱ्याला घरीच झोपायचे असते. या वादात तारीख राहून जाते आणि पुढच्या आठवड्यात त्याच तारखेला बारशाचे आमंत्रण येते. एकदा तारीख ठरली की ठिकाण आठवडाभरात आपोआप ठरते, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

३. रजा न घेता शनिवार-रविवारात सहल होते का, की एक तरी रजा घ्यावीच?

घरापासून ठिकाण अडीच तासांत गाठता येत असेल तर रजेची गरज नाही. अंतर किलोमीटरमध्ये न मोजता तासांत मोजावे आणि त्यात नाश्त्याचा थांबा धरावा. शनिवारी पहाटे साडेपाच-सहाला निघाले की नऊपर्यंत पोहोचता येते. खोली दुपारी ताब्यात मिळणार असली तरी सामान ठेवून घ्यायला बहुतेक ठिकाणी कुणाची हरकत नसते.

शुक्रवारी रात्री निघण्याचा मोह मात्र टाळावा. एका डिसेंबरात आम्ही कार्यालयातून घरी येऊन घाईघाईने साडेआठला निघालो आणि घाटात मालमोटारींच्या रांगेत दोन तास अडकलो. धाकटी मुलगी न जेवता मागच्या आसनावर झोपून गेली, मुक्कामी पोहोचलो तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता आणि शनिवारचा अर्धा दिवस सगळ्यांनी झोपून काढला. ज्या सकाळसाठी ही धावपळ केली होती ती सकाळ कुणीच पाहिली नाही.

परतीचा नियमही तितकाच महत्त्वाचा आहे. रविवारी जेवण लवकर उरकून एक वाजता निघावे. सूर्यास्त पाहून निघणाऱ्यांना टोलनाक्यावर आणि शहराच्या तोंडावर सगळे गाव भेटते. पाचला घरी पोहोचलेल्या कुटुंबाला कपडे भिजत घालायला, दप्तर भरायला आणि वरणभात खाऊन वेळेवर झोपायला अवधी मिळतो. सोमवारची सकाळ विस्कटली की पुढच्या सहलीला घरातूनच विरोध सुरू होतो.

एक रजा शक्य असेल तर ती सोमवारी न घेता शुक्रवारी घ्यावी. जाताना रस्ता मोकळा मिळतो, शुक्रवारची खोली बहुधा शनिवारपेक्षा स्वस्त पडते आणि रविवार पूर्णपणे घरी मिळतो. ज्या कंपन्यांमध्ये रजेचे वर्ष डिसेंबरअखेर संपते तिथे उरलेल्या किरकोळ रजा वाया जाण्याआधी हा विचार अवश्य करावा.

४. यंदा जोडून सुट्ट्या कधी येतात? त्यांचा फायदा घ्यावा का?

२५ डिसेंबर २०२६ रोजी नाताळ शुक्रवारी येतो आणि १ जानेवारी २०२७ हाही शुक्रवारच आहे. प्रजासत्ताक दिन मंगळवारी आहे, म्हणजे सोमवारची एक रजा टाकल्यास चार दिवस सलग मिळतात. मात्र २६ जानेवारीला सकाळी शाळेत ध्वजवंदन असते, हे मुलांच्या बाबतीत आधी तपासावे.

माझे मत विचाराल तर नाताळ आणि नववर्षाचे आठवडे सोडून द्यावेत. तेव्हा खोल्यांचे भाव चढलेले असतात, महाबळेश्वरच्या आणि अलिबागच्या रस्त्यांवर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात आणि ज्या शांततेसाठी आपण जातो ती कुठेच मिळत नाही. त्याऐवजी १२ डिसेंबर आणि ९ जानेवारी हे शनिवार पाहावेत. दोन्ही दुसरे शनिवार असल्याने बँकेत काम करणाऱ्यांनाही सुट्टी असते. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू आहे, त्यामुळे त्यांच्यापैकी बहुतेकांना कोणताही शनिवार चालतो. नाताळातच जाणे भाग असेल तर प्रश्न १५ पाहावा.

५. आमच्या दोघांच्या सुट्ट्या जुळत नाहीत. काय करावे?

ही अडचण फार मोठ्या संख्येने कळवली जाते. पुणे आणि पिंपरी-चिंचवड भागातील अनेक कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून गुरुवारी असते. रुग्णालय, पोलीस, हॉटेल, विमानतळ अशा ठिकाणच्या पाळ्या तर दर आठवड्याला बदलतात. अशा घरांनी शनिवार-रविवारचा हट्ट सोडावा, कारण मुलांच्या शाळेला नाताळची सुट्टी असेल तर बुधवार-गुरुवारही सहलीचेच दिवस आहेत, आणि ते अधिक शांत व स्वस्त असतात. पाळ्यांचे वेळापत्रक लागण्याआधी वरिष्ठांना तारीख लेखी कळवावी आणि सहकाऱ्याशी अदलाबदल करायची असेल तर त्याची पाळी आपण आधी करून द्यावी. आधी दिलेल्या मदतीची आठवण लोक ठेवतात.

मुक्कामाचे जमतच नसेल तर एका दिवसाची सहल करावी. तीही पुरेशी असते. त्यासाठी प्रश्न ८ पाहावा.

६. घरात दहावी-बारावीचे मूल आहे. यंदा सहल रद्दच करावी का?

नाही. बारावीच्या आणि त्यापाठोपाठ दहावीच्या लेखी परीक्षा फेब्रुवारीत सुरू होतात आणि तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षा त्याही आधी आटोपतात, त्यामुळे जानेवारीचा मध्य उलटला की या मुलांना हलवू नये. पण डिसेंबरात, पहिली सराव परीक्षा झाल्यावर येणारा एक शनिवार-रविवार त्यांना जरूर द्यावा. त्या दिवसांत पिशवीत पुस्तक टाकू नये, वाटेत ‘किती धडे राहिले’ हा विषय काढू नये आणि नातेवाइकांनाही तो काढू देऊ नये. पुस्तके बरोबर नेली की ती उघडलीही जात नाहीत आणि त्यांचे ओझे मात्र दोन दिवस मनावर राहते.

लहान वर्गांतील मुलांसाठी शाळेच्या दैनंदिनीतून स्नेहसंमेलन, क्रीडादिन आणि घटक चाचण्यांच्या तारखा नोव्हेंबरातच उतरवून घ्याव्यात. स्नेहसंमेलनाच्या तालमीही शनिवारी ठेवल्या जातात, हे अनेक पालकांच्या उशिरा लक्षात येते.

७. आमच्या शहरातून अडीच-तीन तासांत कुठे जाता येईल?

मुंबई-ठाण्याहून माथेरान, अलिबाग आणि इगतपुरीचा परिसर सोयीचा आहे. पुण्याहून वाई, पाचगणी, भोरचा परिसर आणि भिगवण. नाशिकहून भंडारदरा, तसेच निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर. कोल्हापूरकरांना पन्हाळा आणि आंबा घाट जवळ आहेत. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ, खुलताबाद आणि म्हैसमाळ एका फेरीत होतात. वेरूळची लेणी मंगळवारी आणि अजिंठ्याची सोमवारी बंद असतात, हे आडवारी जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. नागपूरकरांना रामटेक आणि पेंच जवळ पडतात, तर ताडोबाला थोडा अधिक वेळ लागतो. ताडोबाचे गाभा क्षेत्र मंगळवारी बंद असते आणि सफारीची जागा आधी आरक्षित करावी लागते. तिथे पहाटेच्या उघड्या जिप्सीत डिसेंबरची थंडी हाडांत शिरते, म्हणून अगदी लहान मुलांना दुपारच्या फेरीला न्यावे.

जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर पूर्ण खुला झाल्यापासून ‘आता नागपूरहून कोकण दोन दिवसांत होईल का’ असेही विचारले जाते. गाडीने ते होत नाही. रस्ता वेगवान झाला तरी दोन दिवसांपैकी बहुतेक वेळ गाडीतच जाईल आणि एकाच चालकाने इतके सलग अंतर तोडणे धोक्याचे आहे.

८. एकाच दिवसात, मुक्काम न करता काही करता येईल का?

हिवाळ्यात याचे सर्वांत चांगले उत्तर हुरडा हे आहे. पुणे, अहिल्यानगर, सोलापूर या पट्ट्यात रब्बीची ज्वारी डिसेंबरच्या मध्यापासून हुरड्यावर येऊ लागते आणि जानेवारीअखेरपर्यंत हा हंगाम चालतो. दाणा दुधाळ अवस्थेतून पुढे सरकलेला, पण अजून कडक न झालेला असावा लागतो, आणि एका शेतात ही अवस्था थोडेच दिवस टिकते. पाऊस लांबला की पेरणी लांबते आणि हुरडाही मागे जातो. म्हणून निघण्याआधी शेतमालकाला ‘हुरडा कोवळा आहे ना’ असे सरळ विचारावे. बरेच शेतकरी टप्प्याटप्प्याने पेरणी करतात. त्यांच्याकडे खात्रीने मिळतो.

सकाळी नऊ-दहाला पोहोचावे. जमिनीतल्या खड्ड्यात गोवऱ्यांची आगटी पेटलेली असते. तिच्या निखाऱ्यात कणसे खुपसतात, हिरवा रंग काळपट होऊ लागला की बाहेर काढतात आणि गरम असतानाच तळहातावर चोळून फुंकर मारतात. भुसा उडून जातो आणि मुठीत हिरवेगार, वाफाळते दाणे उरतात. त्याबरोबर शेंगदाण्याची किंवा लसणाची चटणी, गूळ, दही आणि बोरे असतात. गूळभेंडी वाणाचा हुरडा अधिक गोड लागतो. मुलांना एक तरी कणीस स्वतः चोळू द्यावे. हात काळे होतात आणि पहिल्या फुंकरीला अर्धे दाणे मातीत जातात, पण पुढच्या वर्षी ‘हुरड्याला कधी जायचं?’ असे तीच मुले विचारतात.

हुरडा पोटाला जड असतो. दुपारच्या पिठल्या-भाकरीसाठी जागा ठेवायची असेल तर पहिल्या भरात हात आवरता घ्यावा. अंधार पडण्याआधी घरी पोहोचता येत असल्याने तान्ह्या मुलांच्या आणि पथ्यपाणी सांभाळणाऱ्या ज्येष्ठांच्या कुटुंबांनाही ही सहल झेपते.

९. थंड हवेच्या ठिकाणी हिवाळ्यात फार गारठा नसतो का? लहान मुलांना न्यावे का?

महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटर उंचीवर आहे आणि कडाक्याच्या थंडीत वेण्णा तलावाच्या काठावर पहाटे दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात. पण दुपारी स्वेटर काढून ठेवावासा वाटतो इतके ऊन असते. खरी अडचण आहे ती सूर्य मावळल्यावरच्या पहिल्या तासाची, कारण डिसेंबरात सहाच्या सुमारास अंधार पडू लागतो आणि मुले तोवर घामेजलेली असतात. तेव्हा कपडे बदलून कानटोपी घातली की बहुतेक सर्दी टळते. वर्षाच्या आतील मुले बरोबर असतील तर मुक्काम खाली वाईला करून दिवसा वर जाऊन येणे बरे. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर संध्याकाळ सुरेख जाते.

स्ट्रॉबेरी डिसेंबरपासून बाजारात भरपूर येते. वाईहून वर जाणाऱ्या पसरणी घाटाच्या वळणांवर ज्यांना मळमळते त्यांनी निघण्यापूर्वी हलके खावे आणि गाडीत मोबाइल पाहू नये.

माथेरानला दस्तुरी नाक्याच्या पुढे खासगी वाहने जात नाहीत. तिथून चालत, घोड्यावर किंवा अमन लॉजहून सुटणाऱ्या छोट्या गाडीने गावात जावे लागते. मुलांना यातच मौज वाटते, पण गुडघे दुखणाऱ्यांनी सामान कमी ठेवावे.

१०. कोकणात दोन दिवसांसाठी जाणे योग्य आहे का? भरती-ओहोटीची वेळ कशी कळते?

मुंबईकरांना अलिबागपर्यंत सहज जमते. गेटवेहून बोटीने मांडवा आणि तिथून बसने अलिबाग हा मार्ग गाडीच्या प्रवासापेक्षा कितीतरी कमी दमवणारा आहे. स्वतःची गाडी न्यायची असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट आहे. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर यांसाठी मुंबईहून किंवा पुण्याहून शुक्रवारची रजा घेऊन तीन दिवस धरावेत. त्यापुढचे कोकण दोन दिवसांत करू नये. गुहागरला जाऊन समुद्राकडे पाठ करून लगेच परत निघणे जिवावर येते.

भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब फार उपयोगी आहे. तिथीचा आकडा घेऊन त्याची पाऊणपट करावी. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास, आणि सुमारे सहा तासांनी ओहोटी. म्हणजे अष्टमीला दुपारी बाराच्या आसपास पाणी सर्वांत मागे असते. दिनदर्शिकेवर तिथी छापलेलीच असते, त्यामुळे तारीख ठरवतानाच दिवसाचा आराखडा करता येतो. हा हिशेब अंदाजाचा आहे, म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी गावातल्या माणसाला विचारावेच.

हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेबाबत मी विशेष आग्रहाने सांगतो. ती वाट खडकांतून समुद्रालगत जाते आणि केवळ ओहोटीतच सुरक्षित असते. ‘एवढे लांब आलो आहोत तर पटकन जाऊन येऊ’ असे तिथे कधीही करू नये. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर मुलांचा हात सोडू नये.

११. हिवाळ्यात धबधबे, कासची फुले, काजवे पाहायला मिळतील का?

मिळणार नाहीत. कास पठाराचा बहर सप्टेंबर-ऑक्टोबरचा, काजवे पावसाच्या तोंडावरचे आणि सह्याद्रीतले बहुतेक धबधबे डिसेंबरपर्यंत आटलेले असतात. समाजमाध्यमांवर फिरणारी छायाचित्रे कोणत्या महिन्यातली आहेत ते पाहिल्याशिवाय बेत आखू नये.

हिवाळ्याचे खरे वैभव पक्षी आहेत. उजनीच्या पाणलोटावर भिगवणजवळ रोहित (फ्लेमिंगो), पट्टकादंब आणि चित्रबलाक दिसतात. सूर्योदयाच्या वेळी बोटीत बसता यावे म्हणून आदल्या रात्री जवळच मुक्काम करावा. धरण काठोकाठ भरलेले असेल तर उथळ दलदल उघडी पडत नाही आणि रोहित उशिरा येतात. अशा वर्षी जानेवारीचा उत्तरार्ध धरावा. नाशिककडच्यांसाठी नांदूर मध्यमेश्वर आहे, जे २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले.

१२. रेल्वे आणि एसटीचे आरक्षण किती आधी करावे?

रेल्वेचे आगाऊ आरक्षण आता प्रवासाचा दिवस वगळून ६० दिवस आधी सुरू होते. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. म्हणजे २५ डिसेंबरच्या गाडीचे आरक्षण २६ ऑक्टोबरला, दिवाळीच्याही आधी उघडेल. कोकणच्या गाड्यांसाठी त्या सकाळी आठ वाजता तयारीत बसावे. ते हुकले तर तत्काळ आरक्षण एक दिवस आधी, वातानुकूलित वर्गांसाठी सकाळी दहाला आणि इतरांसाठी अकराला सुरू होते, पण पाच जणांच्या कुटुंबाने त्याच्या भरवशावर राहू नये. पाच वर्षांखालील मुलाला स्वतंत्र जागा नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या आतील मुलासाठी स्वतंत्र शायिका घेतल्यास पूर्ण भाडे पडते.

एसटीचा विचार अनेक कुटुंबे करीतच नाहीत, याचे मला वाईट वाटते. राज्यात महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे, ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट पडते आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांचा प्रवास विनामूल्य आहे. ज्येष्ठांनी ओळखपत्र जवळ ठेवावे. शिवाय वडिलांना गाडी चालवावी लागत नाही आणि त्यांनाही खिडकीबाहेर पाहता येते.

१३. आजी-आजोबांना बरोबर न्यावे का? आणि जे येऊच शकत नाहीत त्यांचे काय?

न्यावे, आणि खोली त्यांच्या सोयीने निवडावी. फोनवर तीन गोष्टी नेमक्या विचाराव्यात: खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का आणि पहाटे पाच वाजता कढत पाणी मिळते का. केवळ सौरबंबावर अवलंबून असलेल्या ठिकाणी हिवाळ्यात पहाटे पाणी कोमटही नसते. गडावर जायचे असेल तर पन्हाळ्याला गाडी वरपर्यंत जाते. औषधे एका दिवसाची जास्त घ्यावीत आणि ती सामानाच्या बॅगेत न ठेवता हातातल्या पिशवीत ठेवावीत.

घरात अंथरुणाला खिळलेले कुणी असेल तर सगळ्यांनी एकत्र जाण्याचा आग्रह धरू नये. एका शनिवारी सून आणि मुले, दुसऱ्या खेपेला मुलगा, अशी पाळी लावता येते. शेजारच्या शहरातील बहीण किंवा भाऊ दोन दिवस येऊन राहू शकत असेल तर मोकळेपणाने विचारावे. वर्षभर सेवा करणाऱ्या माणसाला दोन दिवसांची मोकळीक मिळणे ही रुग्णाच्याही हिताची गोष्ट आहे, त्यात अपराधी वाटण्यासारखे काही नाही.

१४. सहलीवरही मलाच सगळ्यांचे करावे लागते. मग माझी सुट्टी कुठे आहे?

हा प्रश्न स्त्रिया विचारतात आणि बहुतेक वेळा पत्राच्या शेवटी, एका ओळीत विचारतात. मला तो या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो, कारण अनेक घरांत वेळ न मिळण्याचे खरे कारण तोच आहे. निघण्याच्या आदल्या रात्री बारापर्यंत दशम्या आणि चटणी करायची, पहाटे चारला उठून सगळ्यांचे डबे भरायचे, मुक्कामी ओले टॉवेल वाळत घालायचे आणि परतल्यावर दोन बादल्या कपडे धुवायचे, हे जिच्या वाट्याला येते ती ‘राहू दे या वर्षी’ असे म्हणाली तर तिला दोष देता येणार नाही.

यासाठी काही गोष्टी आधीच ठरवाव्यात. स्वयंपाकघर असलेला बंगला स्वस्त पडतो म्हणून घेऊ नये, कारण तिथे चहापासून सगळे तिलाच करावे लागते. जिथे घरगुती जेवण मिळते असे ठिकाण घ्यावे; कोकणात अशी घरे गावोगावी आहेत आणि आयते, गरम ताट समोर येण्याचे सुख काय असते ते रोज रांधणाऱ्या बाईलाच कळते. दहा वर्षांवरील प्रत्येकाने आपली पिशवी आपण भरावी. काही विसरले तर विसरले, पुढच्या वेळी लक्षात राहते. वाटेतले खाणे विकत घ्यावे. परतल्यावर पहिली कपड्यांची खेप कोण लावणार आणि रविवारी रात्रीची खिचडी कोण टाकणार, हे निघण्यापूर्वी नावानिशी ठरवावे. रविवारी लवकर परतण्याचा जो नियम प्रश्न ३ मध्ये दिला आहे, त्याचा खरा उपयोग इथे होतो.

१५. नातेवाईक परदेशातून नेमके नाताळातच येतात. तेव्हा गर्दी असते, मग कसे जमवावे?

अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या बहीण-भावांना सुट्टी त्याच दोन आठवड्यांत मिळते, त्यामुळे इथे प्रश्न ४ मधला सल्ला लागू पडत नाही. अशा वेळी ठिकाण बदलावे. प्रसिद्ध गिरिस्थान सोडून मूळ गावी जावे. बंद घर असेल तर चार दिवस आधी कुणाला तरी पाठवून झाडून, पाण्याची टाकी धुऊन, वीज तपासून घ्यावी. गावी घर उरले नसेल तर हुरड्याचे शेत निवडावे. बारा-पंधरा माणसे एकत्र बसू शकतील अशी जागा तिथे असते. परदेशी वाढलेल्या मुलांच्या पोटाचा विचार करून उघड्यावरचे पाणी आणि कापलेली फळे टाळावीत. आल्यापासून पहिले तीन दिवस झोपेची वेळ उलटलेली असते, म्हणून त्या दिवसांत प्रवास ठेवू नये.

१६. आमचे दुकान किंवा शेती आहे. आम्हाला शनिवार-रविवार असे काही नसते.

दुकानदारांनी आपल्या बाजारपेठेच्या साप्ताहिक बंदच्या दिवसाला आदला अर्धा दिवस जोडावा आणि आठवडाभर आधी दारावर पाटी लावावी. नेहमीचे गिऱ्हाईक एका दिवसाने तुटत नाही.

शेतकरी कुटुंबांची अडचण अधिक खरी आहे. हिवाळ्यात गहू-हरभऱ्याला पाणी असते आणि जिथे शेतीपंपाची वीज अजून दिवस-रात्रीच्या पाळीने येते तिथे कुणीतरी रात्री बांधावर लागतेच. दोन पाण्यांच्या मधले दिवस हेरावेत. धारांची जबाबदारी शेजाऱ्याकडे द्यावी आणि तो जाईल तेव्हा आपण त्याच्या गोठ्यात उभे राहावे. चुलत्या-पुतण्यांची दोन घरे असतील तर एकाने डिसेंबरात आणि दुसऱ्याने जानेवारीत जावे.

१७. ऐनवेळी मूल आजारी पडले किंवा लग्नाचे आमंत्रण आले तर?

ताप असेल तर जाऊ नये आणि त्याची चर्चाही मुलासमोर करू नये, नाहीतर ‘माझ्यामुळे सगळे थांबले’ हे ते मनाला लावून घेते. त्याच दिवशी राखीव तारीख सांगून टाकावी. खोली घेताना पैसे परत मिळण्याची किंवा तारीख बदलून मिळण्याची अट लेखी मागून घ्यावी, संदेशात मिळालेली पुरते.

लग्नाचे थोडे वेगळे आहे. सख्ख्या नात्यातले लग्न असेल तर सहल पुढे ढकलावी. दूरच्या ओळखीतले असेल तर आधीच्या गुरुवारी घरी जाऊन आहेर देऊन यावा आणि ‘त्या दिवशी आम्ही मुलांना घेऊन बाहेर आहोत’ असे स्पष्ट सांगावे. लग्नघरच्या लोकांना आदल्या दिवसांत कुणी निवांत भेटायला आलेले आवडते, आणि चहा घेऊन अर्ध्या तासात निघता येते.